बदललंत ते लिहून द्या : पुण्यातल्या संगणक दुरुस्ती करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधले संगणक दुरुस्तीचे दुकानदार, घरी येऊन सर्व्हिसिंग करणारे तंत्रज्ञ आणि हार्डवेअरचे वर्ग घेणारे शिक्षक यांस,

स. न. वि. वि.

मी नारायण पेठेत अक्षरजुळणी करते. पुस्तके, दिवाळी अंक, प्रबंध, लग्नपत्रिका, जे येईल ते. आमच्या भागात हेच काम करणारी बरीच मंडळी आहेत आणि आमच्या सगळ्यांचा धंदा तुमच्या भरवशावर चालतो. मशीन अडकायला लागले, प्रिंटर सापडेनासा झाला, पेनड्राइव्हमधून काही शिरले, की आम्ही तुम्हालाच फोन करतो. म्हणून मागणीही तुमच्याकडेच आहे. विंडोजच्या साध्या ‘सेटिंग्ज’च्या पानावर जी सेटिंग दिसत नाही, ती तुम्ही आमच्या मशीनवर बदललीत तर आम्हाला लिहून द्या. आधी काय होते, आता काय केले, कशासाठी केले. आणि ते पहिल्यासारखे करायची सोय आमच्याच मशीनवर ठेवून जा.

हे लिहायला कारण झाले ते सांगते. गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या एका प्रकाशकांच्या कार्यालयातला संगणक सर्व्हिसिंग होऊन आला. छान पळत होता, पटकन चालू होत होता. पण स्टार्ट मेनूच्या शोधपट्टीत एक अक्षर टाइप होईना. टास्कबारवर मराठी-इंग्रजी बदलायची खूण असते, ती गायब. कळफलक बदलून पाहिला, मराठी भाषा काढून पुन्हा घातली, काही उपयोग झाला नाही. पुस्तक छपाईला जायचे होते आणि मंडळी विंडोज नव्याने टाकायच्या तयारीत होती. शेवटी कारण सापडले. सीटीएफमॉन नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम असतो, कळफलकाच्या भाषा आणि टाइप होणारा मजकूर यांची व्यवस्था तो पाहतो. टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेली कामे आपोआप चालू करणाऱ्या विंडोजच्या सोयीत, त्याला चालू करणारे जे काम असते ते बंद केलेले होते. वेग वाढवण्याच्या कुठल्याशा तयार यादीत ‘अनावश्यक’ म्हणून त्याच्यावर खूण होती.

ज्यांनी सर्व्हिसिंग केले त्यांना विचारले. ते सज्जन माणूस आहेत, त्यांनी टोलवाटोलवी केली नाही. पण नेमके काय बदलले ते त्यांनाच सांगता येईना. त्यांनी एकेक गोष्ट बदललीच नव्हती. एक बटण दाबले होते आणि त्या बटणाने शेकडो नोंदी बदलल्या होत्या. मला काळजी वाटते ती याची. चूक कोणाकडूनही होते, ती शोधताही येते. पण काय बदलले याची नोंदच कुठे नसेल तर शोधायला सुरुवात कुठून करायची?

मी या छुप्या सेटिंगांच्या विरोधात नाही, उलट मला त्या आवडतात. हा विषय मला पहिल्यांदा कळला तो ट्वीक यूआय या छोट्या प्रोग्रॅममुळे, आणि तुमच्यातल्या जुन्या लोकांनाही ते आठवत असेल. विंडोज ३.१ मध्ये, १९९२ साली, रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंगांची नोंदवही, आली तेव्हा तिच्यात फारसे काही नसे. कोणती फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची, असल्या नोंदी. बाकीचा कारभार आयएनआय फायलींत चाले, त्या नोटपॅडमध्ये उघडून वाचता येत. विंडोज ९५ पासून जवळजवळ सगळे रजिस्ट्रीत गेले आणि सामान्य माणसाच्या नजरेआड झाले. कंट्रोल पॅनेलमध्ये जी बटणे दिसत ती त्या नोंदींपैकी थोड्यांचीच. तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोजचा तोच भाग बनवणाऱ्या मंडळींनी पॉवरटॉइज नावाचा संच फुकट दिला. त्यातले ट्वीक यूआय रेमंड चेन यांनी लिहिलेले. शॉर्टकटच्या चित्रावरचा बाण काढायचा, नव्या शॉर्टकटच्या नावामागे लागणारे ‘शॉर्टकट टू’ घालवायचे, मेनू किती झटकन उघडावा ते ठरवायचे, अशी सगळी कामे त्यात खुणा करून होत. विंडोज ९८ च्या सीडीवरही ते होते. एक्सपीसाठी त्याची वेगळी आवृत्ती आली, व्हिस्टासाठी आली नाही. २०१९ मध्ये पॉवरटॉइज हे नाव मुक्त-स्रोत प्रकल्प म्हणून परत आले, पण आजच्या पॉवरटॉइजचे काम निराळे आहे. खिडक्यांची मांडणी, कळांची अदलाबदल वगैरे.

एक्सपीच्या ट्वीक यूआयमध्ये ज्या ओळीवर जावे तिचे वर्णन खालच्या चौकटीत येई. खूण करण्याआधी ती कशाची आहे ते समोर असे. मायक्रोसॉफ्ट या संचासाठी तांत्रिक साहाय्य देत नाही, हेही स्पष्ट सांगितलेले होते. म्हणजे काय करतो आहोत आणि कोणाच्या जबाबदारीवर, दोन्ही वापरणाऱ्याला ठाऊक. एवढा प्रामाणिकपणा मला आजच्या ‘एका क्लिकमध्ये संगणक वेगवान’वाल्या पुष्कळ साधनांत दिसत नाही.

आणि मराठीचे तर या आडबाजूच्या सेटिंगांशी जुने नाते आहे. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आणि मंगल फॉन्ट आला. एक्सपीतही सगळे होते, पण इंग्रजी एक्सपी नेहमीसारखे टाकले तर ते बंद राही. कंट्रोल पॅनेल, त्यात ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’, त्यात ‘लँग्वेजेस’ हा टॅब, आणि तिथे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’साठीच्या फायली बसवायची एक चौकट. तिच्यावर खूण केली की मशीन एक्सपीची सीडी मागे, मग रीस्टार्ट, आणि मग मराठी अक्षरे जागेवर बसत. तोवर पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला, जोडाक्षरे सुटी सुटी, नाहीतर नुसते चौकोन. भारतीय भाषांसाठी संगणकावर एवढे काम ज्या सी-डॅकने केले ती संस्था याच शहरातली. तरी कोथरूड किंवा हडपसरमधल्या घरात मराठी नीट दिसावी यासाठी कोणीतरी त्या चौकटीपर्यंत पोचावे लागे. ते काम तुम्ही लोकांनी केले. पिशवीत एक्सपीची सीडी घेऊन, दुचाकीवरून, घरोघर जाऊन. याबद्दल तुमचे आभार कोणी जाहीरपणे मानल्याचे मला आठवत नाही, म्हणून मी मानते. मनापासून मानते.

माझ्या मशीनवर ज्यांनी हे करून दिले त्यांनी जाताना बिलाच्या मागे तो सगळा मार्ग लिहून दिला होता. कोणत्या मेनूतून कुठे जायचे, कोणती चौकट, सीडी कधी घालायची. पुढे दुसऱ्या कोणीतरी फॉरमॅट मारले आणि मराठी गेली, तेव्हा तो कागद काढून मी स्वतः ती परत आणली. शेजारच्या दोन कार्यालयांतही आणून दिली. आज मी तुमच्याकडे मागते आहे ते त्या बिलाच्या मागच्या चार ओळींपेक्षा फार जास्त नाही.

आता छुप्या सेटिंगा बदलणाऱ्या आजच्या साधनांकडे येते. विनॅरो ट्वीकर, अल्टिमेट विंडोज ट्वीकर, खासगीपणाच्या सेटिंगांसाठी ओ अँड ओचे शटअप१०, मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये घातलेल्या पण अजून चालू न केलेल्या सोयी उघडणारे विव्हटूल, आणि गिटहब या संकेतस्थळावर मिळणाऱ्या असंख्य पॉवरशेल स्क्रिप्ट, म्हणजे विंडोजला ओळीने हुकूम देणाऱ्या फायली. यांतली काही फार काळजीपूर्वक केलेली आहेत. शटअप१० बदल करण्यापूर्वी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे मागे परतण्यासाठी मशीनच्या त्या वेळच्या स्थितीची नोंद, करायला सुचवते आणि सगळे मूळ पदावर नेण्याची सोयही देते. विनॅरो ट्वीकरमध्ये प्रत्येक पान मूळ स्थितीत आणता येते. म्हणजे साधन करणाऱ्यांनी परत फिरण्याचा विचार केलेला असतो. पण तुम्ही ते पेनड्राइव्हवरून चालवता, काम झाले की पेनड्राइव्ह घेऊन जाता, आणि आमच्या मशीनवर बदल राहतात, ते पुसायचे साधन राहत नाही. आम्हाला त्याचे नावसुद्धा माहीत नसते.

स्क्रिप्टांचे आणखी कठीण. त्या आठवड्या-आठवड्याला बदलतात. मार्चमध्ये तुम्ही चालवलेली स्क्रिप्ट आणि जुलैत त्याच नावाने उतरवलेली स्क्रिप्ट यांत वेगळ्या गोष्टी असू शकतात. तेव्हा ‘अमुक स्क्रिप्ट मारली होती’ एवढे सांगून भागत नाही. चालवलेली फाइलच मशीनवर ठेवली पाहिजे. ती साधा मजकूर असते, जागाही खात नाही.

या सगळ्याचा त्रास घरगुती माणसाला कसा होतो ते पाहा. सहकारनगरमधल्या एका आजोबांनी मला लॅपटॉप दाखवला. विंडोज अपडेटच्या पानावर ओळ होती की काही सेटिंग तुमच्या संस्थेकडून नियंत्रित केल्या जात आहेत. ते घाबरून गेले होते. ‘माझी कुठली आलीय संस्था? मी तर निवृत्त होऊन किती वर्षं झाली. कोणी बाहेरून माझा कॉम्प्युटर चालवतंय का?’ तुम्हाला याचे उत्तर ठाऊक आहे. कंपन्यांच्या संगणकांवर बंधने घालण्यासाठी रजिस्ट्रीत ‘पॉलिसीज’ नावाचा वेगळा भाग असतो. व्यवस्थापकाने ग्रुप पॉलिसीतून काही ठरवले की ते तिथे लिहिले जाते. लॅपटॉपबरोबर बहुधा होम आवृत्ती येते, तिच्यात ग्रुप पॉलिसीचे संपादक मिळत नाही, म्हणून ट्वीकची साधने त्या भागात थेट नोंद घालतात. विंडोजला वाटते ही नोंद संस्थेने घातली, आणि ते तसे सांगते. आजोबांना त्या पानावरचे बटण करड्या रंगात दिसते आणि दाबता येत नाही. अपडेट बंद ठेवायचे तुम्ही त्यांच्या सोयीसाठी ठरवले असेल, मधेच रीस्टार्ट होऊन त्यांचा खोळंबा होऊ नये म्हणून. पण त्यांना ते सांगितले असते तर त्यांची झोप उडाली नसती.

अपडेटचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबते, कारण हे एक सेटिंग मी कोणत्याही परिस्थितीत गुपचूप बदलू देणार नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हे खंडणी मागणारे सॉफ्टवेअर जगभर पसरले, रुग्णालयांपासून कारखान्यांपर्यंत मशीन कुलूपबंद झाली. ज्या भोकातून ते शिरत होते ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. मधे जवळजवळ दोन महिने होते. ज्यांच्याकडे ते अपडेट पोचले त्यांची मशीन त्या वाटेने सापडली नाहीत. एखाद्या छोट्या कार्यालयात अपडेट बंद ठेवायला सबळ कारण असू शकते. जुने सॉफ्टवेअर, जुना स्कॅनर. असेलही. पण तो निर्णय कार्यालयाच्या मालकाने समजून उमजून घ्यावा. तुमचा अनुभव दांडगा आहे, तरी त्याच्या फायलींची किंमत तोच जाणतो.

दुसरे सेटिंग पासवर्डशिवाय सुरू होण्याचे. ‘रोज पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो’ असे ग्राहक म्हणतो, आणि तुम्ही रजिस्ट्रीत ‘ऑटोअ‍ॅडमिनलॉगऑन’ला १ करून शेजारी ‘डिफॉल्टपासवर्ड’मध्ये त्याचा पासवर्ड लिहून देता. या पद्धतीत पासवर्ड तिथे उघड्या अक्षरांत राहतो. रजिस्ट्री उघडणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो. तोच पासवर्ड ईमेलचा असेल, नेटबँकिंगचा असेल. ग्राहकाला सोय झाली एवढेच दिसते, किंमत दिसत नाही. एक ओळ लिहून दिलीत तर तो निदान तो पासवर्ड दुसरीकडे वापरणार नाही.

आमच्या पेठांपुरती अगदी खास एक अडचण आहे, तिच्याबद्दल इतर कोणी लिहील असे वाटत नाही. अक्षरजुळणीच्या धंद्यात अजूनही युनिकोडपूर्व, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी एकच अक्षरक्रम येण्याआधीच्या, काळातली मराठी सॉफ्टवेअर आणि फॉन्ट वापरात आहेत. जुनी पुस्तके त्यांतच जुळवलेली, पुनर्मुद्रण आले की त्याच फायली उघडाव्या लागतात. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी चिन्हांच्या जागांवर बसवलेली असतात. विंडोजच्या ‘रीजन’च्या आत, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह’ टॅबमध्ये, युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रॅमची भाषा बदलण्याच्या खिडकीत विंडोज १० पासून ‘बीटा’ म्हणून एक चौकट आहे : जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची एक पद्धत) वापरा. वाचून कोणालाही वाटेल, मराठीसाठी हे चांगलेच. तुमच्यातल्या कोणी कोणी ती चांगल्या हेतूने खूण करून दिली आहे. तिने रजिस्ट्रीतल्या कोडपेजच्या, म्हणजे कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर ते ठरवणाऱ्या तक्त्याच्या, भागात ‘एसीपी’ या नोंदीत बहुधा १२५२ असते त्याच्या जागी ६५००१ येते, आणि जुन्या सॉफ्टवेअरमधला मजकूर विस्कटतो. १२८ च्या पुढच्या क्रमांकांवर बसवलेली अक्षरे ओळखीची राहत नाहीत. फॉन्ट बिघडला म्हणून माणसे फॉन्ट परत बसवत राहतात. फाइल खराब झाली म्हणून नवी जुळणी करायला घेतात, शेकडो पानांची. आणि उपाय असतो एका चौकटीवरची खूण काढून रीस्टार्ट करण्याएवढा! चिठ्ठीवर ‘एसीपी : १२५२ होते, ६५००१ केले’ एवढे असते तरी कितीतरी जणांचा वेळ वाचला असता.

चांगल्या बदलांचीही नोंद हवी, हे मुद्दाम सांगते. फाइलचे एक्स्टेन्शन दिसेल असे तुम्ही करून देता ते उत्तमच. मे २००० मध्ये आय लव्ह यू नावाचा किडा ईमेलमधून पसरला तो त्याच फटीतून : जोडलेल्या फाइलचे नाव टीएक्सटीने संपते आहे असे लोकांना दिसे आणि खरे शेपूट, व्हीबीएस, विंडोजने लपवलेले असे. तसेच पेनड्राइव्ह लावताच आपोआप काही चालू होणार नाही ही व्यवस्था. २००८ नंतर कॉन्फिकर नावाचा किडा पेनड्राइव्हवरून कसा पसरला ते झेरॉक्सच्या दुकानांत ज्यांनी पाहिले त्यांना त्याचे महत्त्व सांगायला नको. तेव्हा ‘ऑटोरन’ पुष्कळ ठिकाणी तुम्हीच हाताने बंद करून दिले होते. मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठी अपडेटमधून ते आवळले २०११ मध्ये. अशा वेळी ग्राहकाला समजले पाहिजे की हे मुद्दाम केले आहे, नाहीतर पुढचा माणूस ‘बिघाड’ म्हणून ते उलटवतो.

चिठ्ठी कशी असावी याबद्दल माझ्या मनात जे आहे ते लिहिते. तुम्हाला यातले बरेच ठाऊक आहे, तरी वर्गात शिकणाऱ्या मुलांसाठी सविस्तर लिहिते. रजिस्ट्रीत ज्या भागात बदल करायचा तो आधी ‘एक्स्पोर्ट’ करावा. त्याची रेग फाइल होते, ती नोटपॅडमध्ये वाचता येते. पण एवढ्यावर विसंबू नये. जुनी रेग फाइल परत टाकली की जुन्या नोंदींच्या किमती परत येतात. तुम्ही नव्याने घातलेली नोंद मात्र तशीच राहते. ती घालवायला रेग फाइलमध्ये त्या नोंदीच्या नावापुढे बरोबरचे चिन्ह आणि उणे चिन्ह लिहावे लागते. अनेक ट्वीक नवी नोंद घालूनच चालतात, म्हणून परतीची फाइल वेगळी करावी लागते. विंडोजची एखादी सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम, बंद केली असेल तर तिचा ‘स्टार्ट’ आकडा आधी किती होता ते लिहावे. २ म्हणजे आपोआप, ३ म्हणजे गरजेपुरती, ४ म्हणजे बंद. तीनची चार केली असेल आणि पुढच्याने अंदाजाने दोन केली तर मशीन पुन्हा जड होते आणि दोष तुमच्यावर येतो. बदल कोणत्या खात्यात केला तेही लिहावे. ‘करंट यूजर’खालचा बदल त्या एका खात्यापुरता असतो. घरात आईचे आणि मुलाचे खाते वेगळे असेल तर एकाला जे दिसते ते दुसऱ्याला दिसत नाही आणि दोघांनाही वाटते मशीन खराब आहे.

‘रिस्टोअर पॉइंट आहे की’ हे उत्तर मी ऐकले आहे. तो जरूर करा. पण बऱ्याच मशीनवर सिस्टिम प्रोटेक्शन बंदच असते, आणि चालू असले तरी जागा भरली की जुने पॉइंट पुसले जातात. पूर्वी विंडोज स्वतः रजिस्ट्रीची एक प्रत रेगबॅक नावाच्या फोल्डरमध्ये ठेवत असे. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, तेही आपोआप होत नाही. जुन्या सवयीने तिथे जाणाऱ्याला शून्य आकाराच्या फायली सापडतात. ती प्रत पुन्हा सुरू करता येते, ‘एनेबलपिरिऑडिकबॅकअप’ ही नोंद १ करून. ग्राहकाला विचारून ती करून दिलीत तर फार चांगले, आणि तीही चिठ्ठीवर लिहा!

लिनक्सवर गनोम या डेस्कटॉपमध्ये ही सोय किती सरळ आहे ते पाहून मला हेवा वाटतो. तिथे माणसाने बदललेल्या किमती मूळ किमतींपासून वेगळ्या साठवल्या जातात, म्हणून ‘जीसेटिंग्ज रीसेट’ म्हटले की ती एक सेटिंग मूळ पदावर येते. विंडोजच्या रजिस्ट्रीत मूळ किंमत काय होती हे सहसा कुठेच लिहिलेले नसते. त्यामुळे ते लिहून ठेवण्याची जबाबदारी बदलणाऱ्यावर येते.

तुमच्या अडचणी मी समजते. एका मशीनमागे मिळणारे पैसे थोडे आणि ग्राहक घाई करतो. तर चिठ्ठीचे वेगळे पैसे लावा. बिलात ओळ घाला, आम्ही देऊ. ग्राहक ती वाचत नाही असे म्हणाल, तर बहुतेक जण वाचणार नाहीत हे खरेच. डॉक्टरने केसपेपरवर लिहिलेलेही रुग्ण वाचत नाही. पुढचा डॉक्टर वाचतो. तुमची चिठ्ठी पुढचा तंत्रज्ञ वाचेल, आणि पुष्कळदा तो तुम्हीच असाल, वर्षभरानंतर. आपली युक्ती दुसऱ्याला कळेल अशी भीती काहींनी बोलून दाखवली. पण रजिस्ट्रीतल्या जागा जगजाहीर आहेत. तुमची किंमत आहे ती कोणत्या मशीनला कोणता बदल झेपेल हे ओळखण्यात, आणि ते चिठ्ठी वाचून कोणाला येत नाही.

कायद्याचा धाक मी दाखवत नाही, तरी एक गोष्ट माहीत असावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून लपवणेही येते. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यातच सुरू केली. इथल्या दुकानदारांना हा विचार नवा नाही.

‘रजिस्ट्री क्लीनर’ मात्र बंद करा, ही वेगळी विनंती. मायक्रोसॉफ्ट असल्या साधनांना पाठिंबा देत नाही. रजिस्ट्रीतल्या चार जुन्या नोंदी काढल्याने मशीन जाणवण्याइतके वेगवान होत नाही, आणि काय काढले याची यादी कोणाकडे राहत नाही. शिवाय २०१७ मध्ये सीक्लीनरच्या अधिकृत ५.३३ या आवृत्तीतूनच घातक कोड वाटला गेला होता आणि वीस लाखांहून अधिक मशीनवर ती आवृत्ती पोचली होती. नावाजलेले साधन, अधिकृत जागेवरून उतरवलेले, तरीही.

शिक्षकांना एवढेच सांगणे की तुमच्याकडे येणारी मुले वर्षभरात आमच्या घरी-कार्यालयात येणार आहेत. फॉरमॅट मारायला, विंडोज टाकायला तुम्ही शिकवता. त्याच आठवड्यात एक्स्पोर्ट करायला, जुनी किंमत टिपून ठेवायला आणि उणे चिन्हाची रेग फाइल लिहायला शिकवा. परीक्षेत एखादे मशीन मुद्दाम बिघडवून द्या आणि त्यासोबत कोणाची तरी चिठ्ठी द्या. दुसऱ्या गटाला चिठ्ठीशिवाय द्या. किती वेळ लागतो ते मुलांनाच मोजू द्या.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून जुन्या मशीनवर ११ टाकण्यासाठी, टीपीएम या सुरक्षा चिपची तपासणी टाळण्यासाठी, रजिस्ट्रीत नोंदी घालण्याचे काम तुमच्याकडे येऊ लागले असणार. त्या मशीनवर पुढची मोठी अपडेट मिळतील की नाही याची खात्री नसते. हे काम करताना तरी चिठ्ठीशिवाय मशीन परत देऊ नका.

आमच्या भागात दिवाळी अंकांची कामे गणपतीच्या आधीपासून सुरू होतात आणि त्याआधी बरीच मशीन तुमच्याकडे सर्व्हिसिंगला येतात. या वेळी तिथूनच सुरुवात करा. नमुन्याची चिठ्ठी मी मराठीत जुळवून ठेवली आहे : तारीख, मशीन, खाते, बदललेली नोंद, जुनी किंमत, नवी किंमत, कारण, परतीच्या फाइलची जागा, आणि खाली दोघांच्या सह्या. ए-फाइव्ह कागदावर बसते, बिलामागे टाचता येते. ज्यांना हवी त्यांनी नारायण पेठेतल्या कोणत्याही अक्षरजुळणीवाल्याकडे निरोप ठेवावा. फाइल देईन, छापील हवी असेल तर छापूनही देईन. पैसे नकोत.

आपली,
एक अक्षरजुळणीकार
नारायण पेठ, पुणे